गोदावरी परुळेकर आणि वारल्यांचा उठाव : आपल्याच जिल्ह्यातला आपण विसरलेला इतिहास

ऑक्टोबर लागला की कळवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर या पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांत एकच धावपळ सुरू होते. नागपूरच्या गाडीची तिकिटं, विहारातली वर्गणी, पुस्तकांच्या स्टॉलची तयारी. १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख आपल्या घरातल्या लहान मुलालाही सांगावी लागत नाही. पण त्याच आठवड्यात ठाणे जिल्ह्याच्या इतिहासातल्या आणखी दोन तारखा येतात आणि आपल्या नकळत निघून जातात. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला वारली आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आणि ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्या वारल्यांच्या लढ्यात आयुष्य घालवलेल्या गोदावरी परुळेकर यांचं निधन झालं.

मित्रांनो, मी स्वतः या जिल्ह्यात वाढलो, इथेच सामाजिक काम करतो. समाजशास्त्रात एम.ए. करताना अमेरिकेतल्या आदिवासींबद्दल शिकलो. क्रीक, म्हणजे स्वतःला मस्कोगी म्हणवणारे लोक, १८३०च्या दशकात अलाबामातल्या त्यांच्या पिढीजात जमिनीवरून हाकलले गेले. शेकडो मैल चालवत त्यांना आजच्या ओक्लाहोमात नेलं गेलं आणि त्या हद्दपारीत हजारो माणसं मेली. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं आणि मार्क मिळवले. पण माझ्या घरापासून लोकलने जेमतेम तासाच्या अंतरावर राहणाऱ्या वारल्यांची जमीन कशी गेली, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही शोधलं नाही. वारली म्हणजे गेरूच्या भिंतीवरचं पांढरं चित्र, एवढीच माझी माहिती होती. ते चित्र आज आपल्या साड्यांवर आहे, कपबश्यांवर आहे, सोसायटीच्या गेटवर आहे. ते काढणारा माणूस मात्र आपल्या इतिहासात नाही.

म्हणून हा लेख. गोदावरीबाईंचं आयुष्य समजून घेतलं की वारल्यांचा लढा समजतो. आणि तो समजला की आपल्या स्वतःच्या चळवळीबद्दलही काही प्रश्न समोर येतात.

जमीन जागेवरच राहिली, कागद हलले

क्रीक लोकांना जमिनीवरून उठवून दूर नेलं गेलं. वारल्यांच्या बाबतीत वेगळं घडलं. ते होते तिथेच राहिले, पण त्यांच्या पायाखालची जमीन कागदोपत्री दुसऱ्याच्या नावावर गेली. इंग्रजांच्या काळात जमिनीची मोजणी झाली, सारा रोख पैशात भरायचा नियम आला. रोख पैसा वारल्याकडे कुठून असणार? तो सावकाराकडून आला. १८७८च्या वन कायद्याने जंगल सरकारचं झालं. त्याच सुमारास अबकारी कायद्याने मोहाची दारू घरी गाळणं गुन्हा ठरलं. जंगलही गेलं, पीकही गेलं आणि बाहेरून आलेले सावकार, दारूचे मक्तेदार, लाकडाचे ठेकेदार जमिनीचे मालक झाले. डहाणू, उंबरगाव भागात ज्या शेतात आजोबांनी नांगर धरला, त्याच शेतात नातू कूळ म्हणून राबू लागला.

पावसाळ्यात घरात दाणा नसायचा. मग मालकाकडून खावटी घ्यायची आणि सुगीत ती वाढीव दराने फेडायची. फिटली नाही की अंगावर काम चढायचं. मालकाच्या शेतावर फुकट राबायचं, त्याचं लाकूड तोडायचं, गवत कापायचं, ही वेठ. त्याहून वाईट म्हणजे लग्नगडी. लग्नासाठी तरुणाने मालकाकडून थोडे पैसे घेतले की तो आणि त्याची बायको दोघंही त्या मालकाचे झाले. कर्ज कधी फिटायचं नाही, कारण हिशेब मालकाच्या वहीत. काम चुकलं तर चाबूक. बायकांच्या अब्रूवर मालकाचा हक्क. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या आदिवासींवर सरकारला अहवाल दिला, त्यातही ही गुलामी नोंदवलेली आहे. म्हणजे सरकारला सगळं ठाऊक होतं.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या महारकीच्या, येसकरकीच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्या आहेत, त्यांना हे परकं वाटणार नाही. फरक इतकाच की आपल्यावर धर्माने अस्पृश्यतेचा शिक्का मारला होता. वारल्याला जंगली म्हणून माणसांच्या हिशेबातच धरलं नव्हतं.

पुण्याच्या गोखल्यांची मुलगी

गोदावरी गोखले यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात झाला. वडील लक्ष्मणराव नामांकित वकील. घर ब्राह्मणाचं, सुशिक्षित, सुखवस्तू. गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी या घराचं नातं होतं. गोदावरीबाई फर्ग्युसन कॉलेजात शिकल्या आणि पुढे कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रात कायदा शिकलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव येतं. वकिली केली असती तर पैसा आणि मान दोन्ही चालत आले असते.

पण त्या स्वातंत्र्यलढ्यात उतरल्या आणि १९३२ मध्ये तुरुंगात गेल्या. वडिलांना ते रुचलं नाही. त्यांनी घर सोडलं आणि मुंबईत भारत सेवक समाजात कामाला लागल्या. मुंबईत त्यांनी प्रौढ साक्षरतेचं काम केलं, घरकाम करणाऱ्या मोलकरणींची संघटना बांधली. आज घरकामगार महिलांच्या संघटना आपल्या शहरांत आहेत, पण १९३०च्या दशकात हा विचार करणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी होती. लोकांना दान देऊन त्यांची स्थिती बदलत नाही, त्यांनी संघटित व्हावं लागतं, हे त्या याच काळात शिकल्या. आणि इथेच सेवा करणाऱ्या संस्थेशी त्यांची वाट वेगळी होऊ लागली.

बाबासाहेबांच्या पक्षातून आलेला सोबती

आता आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावं असं एक नाव : शामराव परुळेकर. २४ मे १९३९ रोजी गोदावरीबाईंनी त्यांच्याशी लग्न केलं. त्याआधी शामराव कुठे होते? बाबासाहेबांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षात. १९३७च्या निवडणुकीत ते याच पक्षाकडून मुंबई विधानसभेत निवडून गेले.

कोकणातली खोती ही कुळांच्या मानेवरची धोंड होती. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये ती रद्द करण्याचं विधेयक विधानसभेत मांडलं. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून आणि इतर भागांतून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. त्यात महारही होते आणि कुणबीही. जमिनीचा प्रश्न आला की अस्पृश्य कूळ आणि स्पृश्य कूळ एका रांगेत उभं राहू शकतं, हे त्या दिवशी मुंबईने पाहिलं. या खोतीविरोधी कामात शामराव बाबासाहेबांच्या सोबत होते.

पुढे शामराव आणि गोदावरीबाई दोघंही कम्युनिस्ट पक्षात गेले. बाबासाहेब आणि कम्युनिस्ट यांच्यातले मतभेद आपल्याला माहीत आहेत. ते वरवरचे नव्हते. जातीचा प्रश्न वर्गाच्या पोटात घालून सुटत नाही हे बाबासाहेबांचं म्हणणं काळाने खरं ठरवलं आहे. पण मतभेद खरे होते म्हणून दुवा खोटा ठरत नाही. ठाण्याच्या जंगलात वेठबिगारी मोडायला गेलेल्या दोन माणसांपैकी एकाने कुळांच्या लढ्याचे धडे बाबासाहेबांच्या पक्षात घेतले होते. हा आपल्या इतिहासाचाही भाग आहे आणि तो आपणच सांगितला नाही तर दुसरं कोण सांगणार?

टिटवाळा, जानेवारी १९४५

कल्याणहून कसारा लोकल पकडली की शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. आज टिटवाळा म्हटलं की गणपतीचं मंदिर आणि बिल्डरांचे फलक. पण ७ जानेवारी १९४५ रोजी याच टिटवाळ्याला महाराष्ट्रातल्या किसान सभेची स्थापना परिषद भरली होती. परिषदेच्या तयारीसाठी गोदावरीबाई जिल्हाभर फिरल्या. या फिरण्यातूनच उंबरगाव भागातले काही वारली टिटवाळ्याला आले. संख्येने ते थोडे होते, पंधराच्या आसपास. त्यांच्यातले माह्या धांगडा सभेत उभे राहून बोलले. वेठ काय असते, लग्नगडी कसा होतो, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना सांगितलं.

जरा विचार करा. ज्या माणसाला मालकासमोर मान वर करायची सोय नव्हती, तो हजारो लोकांसमोर आपली गुलामी बोलून दाखवतो. आपल्याकडे लढ्याची सुरुवात पुढाऱ्याच्या भाषणाने झाली असं सांगायची सवय आहे. वारल्यांच्या लढ्याची सुरुवात एका वारल्याच्या बोलण्याने झाली. गोदावरीबाईंचं श्रेय हे की त्यांनी ते ऐकलं आणि परिषद संपल्यावर विसरून गेल्या नाहीत. त्या माणसांच्या मागोमाग त्यांच्या पाड्यांवर गेल्या.

तिथे जाणं सोपं नव्हतं. पांढऱ्या कपड्यातला माणूस पाड्यावर आला म्हणजे एकतर मालकाचा, नाहीतर पोलिसाचा, नाहीतर जंगल खात्याचा. अशा ठिकाणी शहरातल्या बाईवर कोण विश्वास ठेवणार? गोदावरीबाई पायी हिंडल्या, झोपड्यांत राहिल्या, जे असेल ते खाल्लं, वारल्यांची बोली शिकल्या. लोक त्यांना पुढे गोदाराणी म्हणू लागले. हे नाव कुणी ठराव करून दिलेलं नाही.

झरीचा निर्णय

२३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी या गावात सुमारे पाच हजार आदिवासी जमले. झरी आज पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यात आहे. त्या सभेत ठरलं ते अगदी साधं होतं. मालकाची वेठ करायची नाही. त्याच्या शेतावर राबायचं तर दिवसाला बारा आणे रोख घेऊनच. कुणावर हात उगारला गेला तर सगळ्यांनी मिळून उभं राहायचं. एकी मोडायची नाही.

यात कोर्टकचेरी नव्हती, अर्ज नव्हता, मंत्र्याला निवेदन नव्हतं. गुलामी मुळात कायद्यात नव्हतीच, ती भीतीवर उभी होती. ज्या दिवशी सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं, त्या दिवसापासून ती ढासळायला लागली. काही आठवड्यांतच त्या भागातली वेठ बंद पडली. लग्नगड्यांना सोडवलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या वाड्यावर अडकलेली जोडपी आपल्या झोपडीकडे परत गेली.

महाडच्या तळ्याची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. चवदार तळं सार्वजनिक आहे हा ठराव आधीच झालेला होता, पण तळ्यापर्यंत जायला भीती मोडावी लागली. २० मार्च १९२७ ला जे महाडात घडलं, त्याच जातीचं काम १९४५ च्या उन्हाळ्यात झरीत घडलं. माणूस स्वतः पाऊल उचलतो तेव्हाच हक्क त्याचा होतो.

तलवाडा : नावाचा वापर कसा होतो

पावसाळा सरल्यावर गवत कापणीचा हंगाम आला. मुंबईच्या तबेल्यांना लागणारं गवत या भागातून जायचं आणि त्यात मालकांची मोठी कमाई होती. किसान सभेने पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मजुरी मागितली आणि संप पुकारला. मालक चिडले.

१० ऑक्टोबर १९४५. पाड्यापाड्यांत निरोप फिरला की गोदाराणीची तलवाड्याला सभा आहे, तिच्या जिवाला धोका आहे, हातात मिळेल ते घेऊन या. किसान सभेच्या सांगण्याप्रमाणे हा निरोप सभेने पाठवलेलाच नव्हता. मालकांच्या माणसांनी तो पसरवला आणि दुसरीकडे पोलिसांना कळवलं की आदिवासी दंगा करायला हत्यारं घेऊन जमताहेत. हजारो वारली जमले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. लोक पळाले नाहीत, रात्रभर तिथेच राहिले, कारण गोदाराणी यायची होती. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण त्यात मारले गेले.

या घटनेकडे आपण शौर्य म्हणून पाहतो आणि ते शौर्य आहेच. पण कार्यकर्त्याने तिच्याकडे आणखी एका नजरेने पाहायला हवं. लोकांचा एका व्यक्तीवरचा विश्वासच त्यांना गोळीच्या तोंडी नेण्यासाठी वापरला गेला. निरोप खरा की खोटा हे तपासायची सोय नव्हती. नाव गोदाराणीचं होतं, तेवढं पुरलं. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९४९ मध्ये, संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला, तो आपण दर २६ नोव्हेंबरला आठवतो. तलवाडा म्हणजे त्या इशाऱ्याचा अर्थ रक्ताने लिहिलेला. आज व्हॉट्सॲपवर बाबासाहेबांचा फोटो लावून कुणीही काहीही पाठवतं आणि आपली पोरं रस्त्यावर उतरतात. केस त्यांच्यावर पडतात, निरोप पाठवणारा सापडत नाही. म्हणून तलवाडा जुना झालेला नाही.

गोळीबारानंतर सरकारने सभांवर बंदी घातली. या काळात परुळेकर दांपत्याला जिल्ह्याबाहेर काढण्याचे हुकूम निघाले. मालकांना वाटलं पुढारी गेले, आता लढा संपला. पण संप मोडला नाही. वारल्यांनीच तो चालवला. मागितलेला दर मालकांना मान्य करावा लागला. १९४६ मध्ये जंगल तोडणीच्या कामावर दिवसाला सव्वा रुपया मजुरीसाठी संप झाला, तो महिनाभर टिकला आणि लाकडाच्या व्यापाऱ्यांना नमावं लागलं. तोवर मुंबई प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं होतं, पण दडपशाही थांबली नाही. जानेवारी १९४७ मध्ये नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला, पुन्हा पाच आदिवासी मेले. स्वातंत्र्य सात महिन्यांवर आलं होतं.

माझ्या मते गोदावरीबाईंच्या कामाची खरी परीक्षा त्या तिथे नसताना झाली, आणि त्या तीत उतरल्या. पुढारी हद्दपार झाला तरी संप चालतो, याचा अर्थ संघटना पुढाऱ्याच्या खिशात नव्हती.

तुरुंग, शाळा आणि पुस्तक

पुढचं आयुष्य सरळ गेलं नाही. आयुष्यातली जवळपास आठ वर्षं त्यांनी तुरुंगात काढली. त्या अनुभवावर त्यांनी बंदिवासाची आठ वर्षे हे पुस्तक लिहिलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ मध्ये शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. १९६४ मध्ये पक्ष फुटला तेव्हा दोघंही मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात गेले. ३ ऑगस्ट १९६५ रोजी शामराव स्थानबद्ध असतानाच वारले. साठीकडे झुकलेल्या गोदावरीबाई एकट्या पडल्या, पण तलासरी-डहाणूचं काम त्यांनी सोडलं नाही.

लढ्याबरोबर शिक्षण हवं हे त्यांनी ओळखलं होतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तलासरीत आदिवासी प्रगती मंडळ उभं राहिलं. आदिवासी मुलांसाठी वसतिगृह, शाळा असं काम त्यातून वाढत गेलं. १९७० मध्ये त्यांचं जेव्हा माणूस जागा होतो हे पुस्तक आलं, १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. सोलापूरजवळ कुंभारीत विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

माणूस झोपलेला होता का?

आता एक प्रश्न, जो आपल्या परंपरेतल्या वाचकाने विचारलाच पाहिजे. पुस्तकाचं नाव सांगतं की माणूस जागा झाला. म्हणजे आधी तो झोपलेला होता? बुद्ध या शब्दाचा अर्थच जागा झालेला. त्यामुळे जागृतीचा शब्द आपल्याला जवळचा आहे. पण जागं कोण करतं आणि कुणाला, हे आपण नीट तपासायला हवं.

वारली भीतीखाली होते, कर्जाखाली होते. पण त्यांची संस्कृती झोपलेली नव्हती. वारल्यांच्या लग्नात ब्राह्मण भटाची गरज पडत नाही. लग्न लावते ती धवलेरी, एक स्त्री, आणि तेही गाणी म्हणून. लग्नाच्या घरात तांदळाच्या पिठाने भिंतीवर देवचौक लिहिला जातो, त्याच्या मध्ये पालघट देवी असते आणि तो लिहिण्याचा मान सवाष्णींचा. तारप्याच्या सुरावर बायका-पुरुष एकमेकांचे हात धरून गोल नाचतात. वाघ, पाऊस, धान्य, झाड, सगळ्यांना त्यांच्या जगात जागा आहे. जे ब्राह्मणी विधीपासून मुक्त होण्यासाठी आपल्याला १९५६ साली धर्म बदलावा लागला, त्याच्या बऱ्याच भागाची या लोकांना कधी गरजच पडली नव्हती. ज्यांना शिकवायला आपण निघतो, त्यांच्याकडून शिकण्यासारखं काय आहे, हे आधी बघायला हवं.

गोदावरीबाई जन्माने ब्राह्मण, विचाराने मार्क्सवादी. त्यांच्या चळवळीने मजुरीचा, जमिनीचा प्रश्न धसास लावला. वारल्यांच्या या सांस्कृतिक वारशाकडे लढ्याचं बळ म्हणून पाहणं मात्र त्या राजकारणात मागे राहिलं. पुढे १९७०च्या दशकात बाहेरच्या जगाने वारली चित्रकला शोधली आणि डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे जगभर पोहोचले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्राला बाजार मिळाला. पण ज्या हातांनी देवचौक लिहिला जातो त्याच हातांनी झरीला वेठ नाकारली होती, हे चित्र विकत घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. वारसा एका दुकानात आणि इतिहास दुसऱ्या पक्षाच्या कपाटात, अशी वाटणी झाली.

ही टीका गोदावरीबाईंना लहान करण्यासाठी नाही. पुण्यातलं घर, वकिली, सुखाचं आयुष्य सोडून आयुष्याचा अर्ध्याहून जास्त काळ पाड्यांशी बांधून घेणं किती जणांना जमलं? आपल्याकडे कुणाला देव करायचा नाही आणि कुणाचं ऋण बुडवायचं नाही. तिसरी वाट म्हणजे अभ्यास.

आपल्या हाती काय?

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि झरी, तलासरी, डहाणू आपल्या जिल्ह्याच्या नकाशातून गेले. त्यामुळे कल्याण-डोंबिवलीतल्या तरुणाला ते आणखी लांबचं वाटू लागलं. पण टिटवाळा इथेच आहे. शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या पाड्यांवर वारली, कातकरी, ठाकूर इथेच आहेत. जमिनीचे कागद आजही हलताहेत. महामार्ग, बुलेट ट्रेन, बंदर, गृहसंकुलं यांच्या वाटेत पुन्हा त्यांच्याच जमिनी येतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या जमिनीवर दावा करण्याचा हक्क दिला, पण पुरावा गोळा करणं, फॉर्म भरणं, फेटाळलेल्या दाव्यावर अपील करणं यातच वर्षं जातात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात मोठी संख्या वनहक्क मागणाऱ्या आदिवासींचीच होती. तो मोर्चा ठाण्यातूनच मुंबईत शिरला. रस्त्यालगतच्या वस्त्यांतले लोक पाणी, खाणं, चपला घेऊन उभे राहिले. ते चांगलंच झालं. पण पाणी देऊन आपण घरी गेलो आणि ते परत जंगलात गेले.

क्रीक लोकांची गोष्ट तिथे संपली नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की तहात त्यांना दिलेली ओक्लाहोमातली राखीव भूमी अमेरिकेच्या संसदेने कधी रद्दच केली नव्हती. जवळपास दोनशे वर्षांनी कागद बोलला, कारण त्यांनी तो जपून ठेवला होता आणि आपण कोण हे विसरले नव्हते. आपल्या पाड्यांवर असे कागद कुणाकडे आहेत? जुने सातबारे, दंडाच्या पावत्या, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. त्या गोळा करायला वकील लागत नाही. लिहिता-वाचता येणारी, वेळ देणारी पोरं लागतात. आणि ती आपल्या वस्त्यांत आहेत. बाबासाहेबांच्या पुण्याईने शिकलेली आहेत.

माझी विनंती एवढीच. या वर्षी नागपूरला जाण्याआधीच्या रविवारी विहारातल्या पाच-सहा जणांनी मिळून जवळच्या एका पाड्यावर जावं. बॅनर नको, फळवाटप नको, फोटो नको. बसावं, ऐकावं. वनहक्काचा दावा कुठे अडकलाय ते विचारावं आणि पुढच्या रविवारी पुन्हा जावं. त्यांच्या कुणा पोरीला कायदा शिकायचा असेल तर तिची फी कशी भरता येईल ते पाहावं. काही वर्षांनी ती वकील होईल, तेव्हा त्या पाड्याला आपली गरज उरणार नाही. त्या दिवसासाठीच काम करायचं.

जेठ्या गांगड यांना आणि तलवाडा-नानिवलीच्या सर्व शहिदांना विनम्र अभिवादन. गोदावरी परुळेकर यांच्या स्मृतीस अभिवादन.

जयभीम!